एका टिंबाची सूट

आमच्या यांना छापखान्यात सगळे ‘भिंगकाका’ म्हणायचे. चेष्टेने नव्हे हं, मानाने. प्रुफं तपासायला बसले की चूक म्हणून सुटायची नाही यांच्या नजरेतून. बाकी संसाराला माणूस कठीण. दवाखान्यातून औषध आणलं तर गोळी घ्यायच्या आधी खोक्यावरचा मजकूर तपासणार. दुकानाच्या पाटीत काही चुकलेलं दिसलं की आत जाऊन दुकानदाराला सांगणार. तो बिचारा विचारायचा, ‘ते असू दे, घ्यायचंय काय?’ तर घ्यायचं काहीच नसायचं. लग्न ठरल्यावर मी मोठ्या हौसेने यांना एक पत्र लिहिलं होतं. ते लाल शाईच्या खुणांसकट परत आलं, खाली एक ओळ लिहिलेली, ‘मजकूर उत्तम आहे.’ आई म्हणाली, अजून विचार कर. मी कशाला करतेय!

प्रुफं तपासायची यांची रीत जुनी होती. एकाने मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने छापायच्या मजकुरावर नजर ठेवायची. छापखान्यात वाचायला एक माणूस होता तोवर ठीक चाललं. तो सोडून गेला, दुसरा ठेवणं मालकांना परवडेना, म्हणून हे काम घरी घेऊन यायला लागले. आता घरी वाचणार कोण? मीच. दुपारची जेवणं उरकली की आमची बैठक सुरू. टेबलाच्या या अंगाला मी, त्या अंगाला हे. वाचायचं ते सगळ्या चिन्हांसकट. ‘रुग्णाला कुशीवर वळवावे स्वल्पविराम पाठीशी उशी द्यावी पूर्णविराम.’ आकड्यांच्या मधलं चिन्ह आलं की नुसतं ‘टिंब’ म्हणायचं. हे मधे बोलायचे नाहीत. टेबलावर बोटाने एकदा टक् केलं की पुढे चल, दोनदा टक्टक् केलं की थांब, चूक सापडली.

या टक्टकीची मला इतकी सवय लागली की भांडणातसुद्धा यांनी दोनदा बोट आपटलं की मी अर्ध्या वाक्यात गप्प. मग स्वयंपाकघरात जाऊन उरलेलं वाक्य भांड्यांना ऐकवायचं. आमचा पोरगा लहानपणी माझी नक्कल करायचा. जेवताना म्हणायचा, ‘आई स्वल्पविराम पाणी दे पूर्णविराम.’ हे हसून हसून लाल व्हायचे. हसायचे तेव्हा हे फार चांगले दिसायचे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढे कागद गेले आणि प्रुफं लॅपटॉपवर यायला लागली. छापखान्याने आपल्या कुठल्या तरी जुन्या खोलीतला एक लॅपटॉप यांना देऊन टाकला. विटेसारखा जड, झाकण उघडताना कुरकुरणारा. पण त्याची स्क्रीन मोठी होती आणि मंद होती, कागदासारखी. खिडकी उघडी असो, दिवा लागलेला असो, तिच्यावर कशाची सावली पडायची नाही. यांचं त्या विटेशी जमलं. माझ्याशी जमायला त्यापेक्षा जास्त वर्षं लागली होती.

मग यांचा उजवा डोळा गेला. आंधळा झाला असं नाही, पण बघतील तिथे नेमका मधोमध एक धुरकट डाग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडदा खराब झालाय, हा डोळा आता सुधारायचा नाही, दुसऱ्याला जपा. बाहेर आल्यावर रिक्षात बसायच्या आधी यांनी मला बजावलं, ‘हे कुणाला सांगायचं नाही. पोराला तर मुळीच नाही.’ का, ते मला विचारायची गरज नव्हती. पोरगा दुसऱ्या शहरात मोठ्या पगारावर, स्वतःचा फ्लॅट, सगळं छान. फोनवर दर वेळी तेच, ‘बाबा, किती दिवस डोळे फोडणार? पुरे करा आता.’ त्याला कारणच हवं होतं. आणि छापखान्याला कळलं असतं तर प्रश्नच मिटला. डोळा अधू झालेला भिंगकाका कुणाला हवाय?

छापखाना आता मालकांची मुलगी चालवायची. मुलगी वाईट नाही. तिने सरळच सांगितलं, ‘काका, बाकी पुस्तकं मी कॉम्प्युटरवर तपासून घेते, स्वस्त पडतं. पण नर्सिंगच्या मुलींसाठी एक हातपुस्तक निघतंय, औषधांच्या मात्रांचं. ते मशीनवर सोडायला माझा जीव धजत नाही. ते तुम्ही बघा. नीट झालं तर त्या मालेतली पुढची सगळी पुस्तकं तुमच्याकडेच.’ नीट झालं नाही तर काय, ते तिने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. घरी येऊन हे म्हणाले, ‘हे शेवटचं जाता कामा नये गं.’ त्या पुस्तकावर यांचा जीव टांगलेला होता. पैशापेक्षाही, दुपारी टेबलाशी बसायला कारण हवं म्हणून.

आणि बरोबर तेव्हाच त्या विटेने मान टाकली. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘काका, याचे पार्ट आता मिळत नाहीत.’

नवा लॅपटॉप घ्यायचा ठरलं. यांनी प्रुफांच्या कमाईतून थोडे बाजूला ठेवलेले होते, त्यात बसेल असा. हे एकटे जाऊन घेऊन आले असते तर काही झालं नसतं. पण मीच फोनवर बोलून गेले आणि चिरंजीव शनिवारी बॅग घेऊन हजर. ‘थांबा, काहीतरी भलतंच घ्याल. बजेट सांगा, मी सगळं बघून ठेवतो.’ आणि बघून ठेवलं होतं हो त्याने, खरंच! गाडीतून येताना माणसं झोपतात, हा लॅपटॉपचे व्हिडिओ बघत आला. प्रोसेसर कितव्या पिढीचा, बॅटरी किती तास, वजन किती. जेवताना तेच बोलत होता. वडिलांना नेमकं काय लागतं, एवढं सोडून सगळं त्याला माहीत होतं. पण हौस होती त्याला, हे मी नाकारत नाही. तीच तर पंचाईत.

दुकान म्हणजे नुसता लखलखाट. पांढरे दिवे, काचेची टेबलं, त्यावर ओळीने उघडे लॅपटॉप. हे सगळ्या ओळी सोडून थेट कोपऱ्यात गेले. तिथे एक मोठा, काळा, ठोकळ्यासारखा लॅपटॉप होता. स्क्रीन मंद, अगदी आपल्या विटेची धाकटी बहीण. यांनी त्यावर मजकूर उघडायला लावला, अक्षरं मोठी केली, मान तिरकी करून डाव्या डोळ्याने बघितलं. आणि कित्येक महिन्यांनी यांच्या कपाळाच्या आठ्या सैल झालेल्या मी पाहिल्या. ‘हा चांगला आहे,’ हे म्हणाले. किंमतही आपल्यात बसणारी होती. मी पर्स उघडलीसुद्धा.

‘बाबा, हा?’ पोरगा हसायला लागला. ‘अहो, हा ऑफिसात टेबलाला बांधून ठेवतात तसला आहे. वजन बघा. प्रोसेसर बघा, दोन पिढ्या जुना. आणि स्क्रीन किती मेलेली!’

‘बरा वाटतोय मला.’

‘पण का? एक कारण सांगा ना मला. एक.’

एक कारण होतं. दोन शब्दांचं होतं, आणि ते यांच्या कपाळाखाली सगळ्यांसमोर होतं. पण हे नुसते त्या लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. ‘तसं काही खास नाही,’ म्हणाले. मला तर असा संताप आला की त्या काचेच्या टेबलावर पर्स आपटावीशी वाटली. अरे माणसा, बोल की! आख्खा जन्म दुसऱ्याच्या चुका तोंडावर सांगितल्यास, आता स्वतःच्या डोळ्याची एवढी कसली लाज?

तोवर पोरगा दुसऱ्या टोकाला. ‘हा बघा!’ बारीक, हलका, चंदेरी, आणि स्क्रीन आरशासारखी चकचकीत. आत कुठल्या तरी समुद्राचं चित्र. यांचा चेहरा त्या समुद्रावर तरंगत होता, मागे दुकानातले सगळे दिवे. किंमत ऐकली तर आपल्या आवाक्याबाहेर. मला हायसं वाटलं. पण दुकानातला पोरगेला विक्रेता म्हणाला, ‘सर, हाच मांडलेला नग घेतलात तर सूट देता येईल. वॉरंटी पूर्ण.’ सूट धरून किंमत बरोबर आपल्या बजेटात आली. पोराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकार करून आणलीय.

‘मांडलेल्या नगाला सूट का?’ मी विचारलं. फुकट कुणी काही देत नाही एवढं मलाही कळतं. मी वाकून बघितलं. स्क्रीनच्या खालच्या अंगाला, उजवीकडे, खसखशीच्या दाण्याएवढं एक काळं टिंब होतं. मी बोटाने पुसलं. जाईना.

‘काकू, ते पुसून जायचं नाही,’ विक्रेता म्हणाला. ‘ते आतलंच आहे. कुणीतरी टोचून दाबलं असेल. पसरत नाही ते. म्हणून तर सूट.’

‘आई, एका टिंबाने काय होतं!’ पोरगा म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ‘एका टिंबाने काय होतं? तुझ्या बापाचं आयुष्य टिंबं मोजण्यात गेलंय, आणि तू मलाच विचारतोस? आणि तुला ठाऊक नाही, यांना उजव्या...’

टक्टक्. काचेवर, माझ्या हाताजवळ. मी थांबले. जीभच थांबली हो, माझं काही चाललं नाही. हे पोराकडे बघून म्हणाले, ‘घेऊ या. तुला बरा वाटतोय ना? मग घेऊ या.’ पोराने बापाच्या खांद्यावर हात टाकला आणि तिथेच दोघांचा फोटो काढून सूनबाईला पाठवला.

घरी आल्यावर त्या आरशाचे प्रताप सुरू झाले. खिडकी उघडी ठेवली की स्क्रीनवर खिडकी. दिवा लावला की दिवा. काहीच नसलं की मूळ प्रत हातात धरून बसलेली मी. हे म्हणायचे, ‘जरा मागे सरक, आठव्या ओळीवर बसली आहेस.’ शेवटी खिडकीला चादर बांधली. भर दुपारी अंधार करून आम्ही दोघं बसायचो, मी बॅटरीच्या उजेडात वाचायची. शेजारीण बेल वाजवून बघून गेली, बरं आहे ना म्हणून. आणि त्या टिंबाच्या समोर, लॅपटॉपच्या कडेला, मी चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवला. इथे शत्रू बसलाय, लक्ष असू द्या. यांना तो तुकडा बोटाला लागायचा, मग ते त्या जागेशी मजकूर दोनदा वर-खाली करून बघायचे. असं आमचं बरं चाललं होतं.

मधे चिरंजीव एका दिवसासाठी येऊन गेले. लॅपटॉपमध्ये काय काय नवं घालून दिलं, साफसफाई केली. जाताना मला म्हणाला, ‘आई, नव्या मशीनला चिकटपट्ट्या काय लावतेस? कसं दिसतं ते! काढून टाकली मी.’ दुसऱ्या दिवशी मी नवी लावायला गेले तर हे म्हणाले, ‘असू दे. आता मला जागा पाठ झाली आहे.’ मी आग्रह केला. टक्टक्.

हातपुस्तकाचं काम फार किचकट निघालं. छापखान्यात फाँट बदलताना आकड्यांमधली टिंबं जागोजागी गळून पडली होती. टिंब गेलेलं आणि त्याची जागा तेवढी मोकळी. मी वाचायची, ‘शून्य टिंब पाच’, आणि हे टक्टक्. ‘एक टिंब दोन’, टक्टक्. डोळ्यातून पाणी गळायचं, रुमालाने टिपायचे आणि पुन्हा मान तिरकी. एकाच डोळ्याने या माणसाने त्या पुस्तकातली गळलेली टिंबं एकेक करून उचलून जागेवर ठेवली. काम पोचतं झालं तेव्हा मालकीणबाईचा फोन आला, ‘काका, मशीनने यातलं अर्धंही पकडलं नसतं. पुढचं पुस्तक पाठवतेय.’ त्या संध्याकाळी यांनी चादर सोडली, खिडकी उघडली आणि शीळ घातली. यांना शीळ येते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन ठाऊक नव्हतं.

पुस्तक छापून आलं. हे त्याचा वास घेत बसले. आणि पुढच्या आठवड्यात परत फोन आला. यांनी ऐकून घेतलं. ‘हो,’ म्हणाले. मग, ‘नाही, चूक माझीच. मी पाहिलं नाही.’ आणि फोन खाली ठेवला.

तान्ह्या मुलांच्या औषधाच्या पानावर एका ठिकाणी ‘२.५’ च्या जागी ‘२ ५’ छापलं गेलं होतं. दहापट. एका रुग्णालयातल्या अनुभवी सिस्टरच्या ते वेळीच लक्षात आलं म्हणून कुणाला काही झालं नाही. छापखान्याने सगळ्या प्रती परत मागवल्या होत्या. मालकीणबाई ओरडली नाही. म्हणाली, ‘काका, तुम्ही आता दमलात. पुढचं पुस्तक मी बाहेर देते.’ ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

‘असं कसं होईल?’ मी म्हटलं. ‘मी टिंब म्हटलं होतं. मी कधी टिंब गाळत नाही.’

‘तू म्हटलंस,’ हे म्हणाले. ‘आणि मी टिंब पाहिलं.’

मी लॅपटॉप उघडला. तेच पान, तेवढीच मोठी अक्षरं, जशी कामाच्या वेळी होती तशी. बघते तर दोन, टिंब, पाच! स्वच्छ, ठळक, जागच्या जागी टिंब. मी आनंदाने ओरडणारच होते, की अहो बघा, तुमचं बरोबर होतं, छापणाऱ्यांनी घोळ घातलाय. हात पुढे करून यांनी खालच्या बाणाची कळ एकदा दाबली. मजकूर एक ओळ वर सरकला. दोन वर गेला, पाच वर गेला, मधली जागा मोकळी. टिंब तिथेच राहिलं.

मला रडू आलं नाही, राग आला. असा राग, की तो लॅपटॉप उचलून खिडकीतून भिरकावून द्यावा आणि त्याच्यामागोमाग त्या दुकानाची सूट. मी फोन हातात घेतला. ‘मी आत्ता सांगते त्याला. एका टिंबाने काय होतं विचारत होता ना? ऐक म्हणावं!’ यांनी माझ्या हातातून फोन घेतला. ‘काय सांगशील? त्याने हौसेने घेऊन दिलं. डोळ्याचं मीच लपवलं. आता त्याला सांगून टिंब जागेवर येणार आहे का?’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आणि डोळ्याचं कळलं की तो मला न्यायला येईल. एवढं तरी राहू दे.’

हल्ली आमची दुपार फार लांब असते. हे टेबलाशी बसतात, समोर काही नसतं. परवा मी पेपर घेऊन बसले आणि सहज मोठ्याने वाचायला लागले, सवयीने चिन्हांसकट. यांनी बोट उचललं, पण आपटलं नाही. कुठे आपटणार? समोर ताडून बघायला दुसरं काही नव्हतंच. मी घडी घालून पेपर ठेवून दिला.

रविवारी पोराचा व्हिडिओ फोन आला. त्यासाठी तेवढा तो लॅपटॉप उघडतो आम्ही. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो, समोर त्याचा हसरा चेहरा. काय नशीब बघा, ते टिंब नेमकं त्याच्या गालावर बसलं होतं. तो हलला की गालावरून नाकावर, नाकावरून परत गालावर.

‘बाबा, काम सोडलंत ते फार बरं केलंत,’ तो म्हणाला. ‘कधीचा सांगतोय. लॅपटॉप चालतोय ना मस्त? मी दिसतोय ना नीट?’

‘एकदम स्वच्छ दिसतोस,’ हे म्हणाले.

‘बघ आई! आणि तू दुकानात किती भांडत होतीस. झालं का काही एका टिंबाने?’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं, डोळा, कोपऱ्यातला तो काळा ठोकळा, चिकटपट्टी, तान्ह्या मुलांचं औषध, सगळं. टेबलाखाली यांचा हात माझ्या हातावर आला. दोनदा बोट आपटलं त्यांनी, माझ्या तळहातावर.

‘आई? काहीतरी म्हणत होतीस?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘पूर्णविराम.’

पोरगा खळखळून हसला. ‘अजून तसंच का तुझं!’ म्हणाला, आणि सूनबाईला बोलवायला उठून गेला. स्क्रीनवर त्याची रिकामी खुर्ची राहिली, आणि खुर्चीवर ते टिंब.